परत आलेली पत्रं

"आलं गं परत," आखाड्याचे सेक्रेटरी तात्या खटावकर म्हणाले आणि उठून मला खुर्ची मोकळी करून दिली. "तिसऱ्यांदा."

संगणकाच्या पडद्यावर पाच ओळी इंग्रजी होतं. मी वाचलं, मराठीत सांगितलं. "पत्र घेतलं नाही. तुमचा सर्व्हर काळ्या यादीत आहे म्हणतात."

"सर्व्हर म्हणजे?"

"आपलं पोस्ट ऑफिस समजा. तिथून निघालेली पत्रं घ्यायची नाहीत असं ठरलंय."

"म्हणजे आपण बदमाश?"

"तसंच काहीसं."

तात्यांच्या पांढऱ्या मिशा थरथरल्या. "शहाऐंशी वर्षं झाली आखाड्याला. पोलिसात एक तक्रार नाही. गणपतीत सुद्धा नाही! आणि कोण कुठला मला काळ्या यादीत घालतो? फोन लाव त्याला."

"त्यांचा फोन नसतो तात्या."

"मग त्यांना शिव्या कशा घालायच्या?"

दारात उभी असलेली तनुजा फसकन हसली, पण लगेच तोंड पाडून म्हणाली, "सारिकाताई, गुरुवार दुपारपर्यंत जाईल ना?"

तो सोमवार होता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. बार्शीच्या बलवर्धक व्यायामशाळेच्या दोरीच्या मल्लखांबाच्या आठ पोरींना जर्मनीतल्या एका उत्सवाचं बोलावणं आलं होतं. तनुजा त्यांची कप्तान. सतरा वर्षांची, हाडं तारेची, जीभही तशीच. अठराच्या आतल्या पोरींचा उत्सव, म्हणजे तिला हे एकच वर्ष. आठ घरच्या आया-बापांना पटवणं, आठ पोरींना पुण्याला नेऊन पासपोर्ट काढणं, सगळं तिनं केलं होतं. आता आठ जणींची नावं आणि कागद जोडून होकाराचं पत्र जायचं राहिलं होतं. गुरुवारी त्यांच्या दुपारच्या बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेतीनपर्यंत. नाही पोचलं तर जागा दुसऱ्या संघाला.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या पत्त्यावरून पाठवायचं. आम्ही काय मूर्ख होतो? माझ्या स्वतःच्या फुकटच्या ईमेल पत्त्यावरून पाठवलं होतं. उत्तर आलं, अर्ज ज्या पत्त्यावरून केलात त्याच पत्त्यावरून होकार हवा, मागच्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याच्या नावानं माणसं घुसवली होती. फोन केला. माझं इंग्रजी ऐकून पलीकडची बाई फार गोड बोलली, आणि तेच बोलली.

मी म्हणजे आखाड्यासमोरच्या गल्लीतली सारिका बुरूड. पत्र्याच्या खोक्यात माझं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, संगणक दुरुस्ती. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. भंगारातून आणलेले दोन संगणक उघडून आणि पुन्हा जोडून शिकले. तिसऱ्यांदा जोडला तेव्हा चार स्क्रू उरले होते आणि तो तरीही चालला, तेव्हापासून शिकलेल्या माणसांबद्दलचा माझा आदर कमी झाला. आखाड्याच्या ऑफिसात मला कामापुरतं बोलवायचे. ऑफिस दाराशीच होतं. त्याच्या पलीकडे दगडी उंबरा आणि उंबऱ्याच्या आत लाल माती. तो उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

सोमवारी मी त्या काळ्या यादीवाल्यांच्या पानावर गेले. आपला पत्ता काढून टाका, अशी एक खिडकी होती. भरली. दोन तासांत नाव निघालं. स्वतःला एक पत्र पाठवून पाहिलं, आलं.

"झालं," मी म्हटलं.

"एवढंच?" तात्या खट्टू झाले. भांडायला मिळालं नाही म्हणून.

पण एका पोरीच्या पासपोर्टची नक्कल पुसट निघाली होती, नवी यायची होती. ती मंगळवारी दुपारी आली, पत्र धाडलं आणि मिनिटात परत. तीच काळी यादी. आता यादीवाल्यांनी दमही भरला होता. पुन्हा तेच केलंत, कारण शोधून दुरुस्त केल्याशिवाय नाव निघणार नाही.

मंगळवारचा उरलेला दिवस मी विषाणू शोधण्यात घालवला. आखाड्याचा संगणक पुसून काढला. पुण्याला एका जुन्या सभासदानं तो सर्व्हर लावून दिला होता, त्याला फोन करून त्याचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, "ताई, सर्व्हरवर दुसरं कुणी नाही. जे जातंय ते तुमच्याच ऑफिसातून जातंय."

बुधवारी सकाळी मी तात्यांना समोर बसवलं. "काल सकाळी उठल्यापासून काय केलंत ते सांगा."

"अगं, आरोपी आहे का मी?"

"सांगा."

"जोर मारले. चहा घेतला. मंगळवारचं पत्र पाठवलं. पोरांच्या हजेऱ्या घेतल्या."

"मंगळवारचं पत्र कुणाला?"

"सभासदांना. सुविचार असतो, एखादा व्यायाम असतो, आखाड्याची बातमी असते. नऊ वर्षं झाली, एक मंगळवार चुकलेला नाही."

"किती सभासदांना?"

"सहाशे अकरा."

मी पत्रांची पेटी उघडली. डाव्या बाजूला एक कप्पा होता. तात्यांनी त्याला नाव दिलं होतं, 'परत आलेली'. आत साडेअकरा हजार पत्रं.

"हे काय आहे?"

"परत येतात काही काही. मग मी पुन्हा पाठवतो. तीन वेळा. पोस्टानं पाठवायचो तेव्हापासूनची रीत आहे. पोस्टमन एखाद्या दिवशी आळस करतो, म्हणून काय माणसाला सोडायचं?"

मी वरचं पत्र उघडलं. "दत्तोबा शेटे कोण?"

"वस्ताद दत्तोबा! वारले, पाच वर्षं झाली."

"गजानन कापसे?"

"तोही गेला बिचारा. हार्ट."

"माधव ऐनापुरे?"

"वारले."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "तात्या, तुम्ही मेलेल्यांना पत्रं पाठवताय."

"मग? सभासद आहेत ते."

इतक्या सरळपणे म्हणाले की मला हसावं की टेबलावर डोकं आपटावं कळेना.

तात्यांच्या सरळपणाला कारण होतं. या आखाड्याची एक रीत आहे. दर नागपंचमीला माती बदलली की हजेरीपट वाचतात. पहिल्या दिवसापासूनची सगळी नावं. जिवंत माणूस आपल्या नावाला आपण 'हजर' म्हणतो. मेलेल्याचं नाव आलं की मातीत उभे असलेले सगळे मिळून ओरडतात, 'हजर!' नियम एकच, पाय मातीत पाहिजेत. उंबऱ्याबाहेरून दिलेली हजेरी धरत नाहीत. लहानपणी मी हा आवाज घरात बसून ऐकायचे. घराचे पत्रे हादरायचे.

त्याच्या दहा वर्षं आधी संगणक आला तेव्हा तात्यांनी हजेरीपटावरूनच यादी तयार केली. त्यानंतर जो जो मेला, तो तिथेच राहिला.

मग मी त्यांना समजावलं, मला जसं रात्रभर वाचून समजलं होतं तसं. माणूस मेला की त्याचा पत्ता बंद पडतो. असे बंद पडलेले काही पत्ते हे यादीवाले गळासारखे लावून ठेवतात. त्यावर पत्र आलं की समजायचं, पाठवणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊकच नाही, कुठून तरी यादी उचलून तो हजारोंना जाहिराती मारणारा भामटा आहे. कारण ओळखीचा माणूस काही मेलेल्याला दर मंगळवारी पत्र लिहीत नाही.

"मी लिहितो," तात्या म्हणाले.

"म्हणून तर भामटे ठरलात! काढा ती नावं."

"आखाड्याच्या यादीतून आजवर एक नाव खोडलेलं नाही, सारिका. मी खोडणार नाही."

"तात्या," तनुजा दारातून म्हणाली. दोरीला फासायचं तेल तिच्या हातांना तसंच होतं. "मेलेल्यांना जर्मनीला जायचं नाहीये. आम्हाला जायचंय."

"तू गप. वस्ताद दत्तोबांनी पोरींना आत घेतलं म्हणून तू आज दोरीवर आहेस. त्यांचं नाव खोडू?"

तनुजाचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि माझं डोकं फिरलं. त्या काळात ते फिरायला फार लागत नसे.

"वा!" मी म्हटलं. "मेलेल्यांची एवढी माया! या आखाड्याची माती दरवर्षी बारा दुरड्यांतून आली, त्या कुणाच्या? ताक, हळद, लिंबू घालायच्या आधी माती चाळली ती चाळणही कुणाची? सगळं माझ्या बापानं विणलं. चाळीस वर्षं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्या दुरड्या तो उंबऱ्यावर ठेवून जायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव जिवंतपणी नव्हतं तुमच्या पटावर, आता मेल्यावरही नाही. आणि तुम्ही मला सांगता इथे कुणाला सोडत नाही?"

"धोंडिरामला कुणी अडवलं होतं?" तात्या तडकले.

"बोलावलं होतं कुणी?"

तात्या उठले, कपाट उघडलं, लाल फडक्यात गुंडाळलेला हजेरीपट काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता मला बाहेर काढतात. काढलं असतं तरी मी शब्द मागे घेतला नसता.

"पटाला हात लावायचा नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "यंत्रातली यादी तुझी. पण प्रत्येक घरी फोन करायचा. मेला असं ऐकलं म्हणून कुणाला मारायचं नाही. आधी विचारायचं."

"तात्या, शेकडो फोन आहेत. उद्या साडेतीनपर्यंत..."

"पोरी आठ आहेत. तू आणि मी धरून दहा. लाव!"

आणि मग जो दिवस झाला, तसा दिवस पुन्हा माझ्या आयुष्यात आला नाही.

आठ पोरी मातीत मांडी घालून बसल्या, एकेकीच्या मांडीवर नावांचा कागद, घरून मागून आणलेले मोबाइल. तात्या ऑफिसातल्या फोनवर. मी संगणकावर, उंबऱ्याच्या या बाजूला. पोरी आतून ओरडायच्या आणि मी टिपायची.

"ताई, भगवान मुळे, सोलापूर, जिवंत! नवा पत्ता घ्या!"

"ताई, रामलिंग गवसणे गेले. मुलगा म्हणतो, बाबांचा पत्ता बंद झाला, पण मंगळवारचं पत्र मला पाठवा. बाबा मोठ्यानं वाचून दाखवायचे."

"ताई, हे आजोबा फोनच ठेवत नाहीत! मला पेच शिकवायलेत!"

असे निघाले कितीतरी. मेलेल्याच्या जागी मुलगा, सून, एका ठिकाणी नातीनं स्वतःचा पत्ता दिला. तात्यांचा चेहरा सकाळी कढीसारखा फुटलेला होता, तो दुपारपर्यंत जमून आला.

दुपारी मी एक नंबर स्वतः लावला. हणमंत डोके, डोंबिवली. तात्यांनी पटावर त्यांच्या नावापुढे सहा वर्षांपूर्वीची फुली मारलेली होती.

"नमस्कार," मी आवाज मऊ करून म्हटलं. "कैलासवासी हणमंत डोके यांच्या घरून बोलताय का?"

पलीकडून जाड आवाज आला, "कोण कैलासवासी?"

"हणमंतराव. त्यांचा पत्ता आम्हाला यादीतून..."

"बाई, मी हणमंत बोलतोय. अजून जेवलो पण नाही, आणि तुम्ही कैलासाला पाठवता?"

तात्यांनी टेबलावरून झेप घेतली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. फोन माझ्या हातून हिसकावला. "हणम्या! तू मेलास ना रे?"

मी त्यांच्या हातातल्या फोनचा स्पीकर लावला. पोरी धावत उंबऱ्यावर आल्या.

"तात्या? तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पेपरात आलं होतं!"

"तो दुसरा डोके, कल्याणचा!"

"अरे गाढवा, सहा वर्षं अख्खा आखाडा तुझ्या नावानं ओरडतोय!"

"तरीच! दर नागपंचमीला मला उचकी लागते, पाणी पिऊन पिऊन पोट फुगतं!"

पोरी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. तात्या हसत होते आणि डोळे पुसत होते. मग एकदम कडक झाले. "मग पत्राला उत्तर का नाही देत? दर मंगळवारी पाठवतो मी."

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. "तात्या, रागावू नका. ते सुविचार... नातवानं एक बटण दाखवलं. दाबलं की पत्र परस्पर कचऱ्यात जातं. मी दाबलं."

"माझं पत्र? कचऱ्यात?"

"नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंत का, हणमंता, कसा आहेस? सारखं आपलं, पहाटे उठा, पहाटे उठा. मी रात्रपाळीला होतो हो!"

माझं पोट दुखायला लागलं हसून. चेहरा तोबऱ्यासारखा फुगवून तात्या म्हणाले, "नागपंचमीला ये. माती लागेपर्यंत तुला मी जिवंत धरत नाही." आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "अशी किती जणांनी दाबली असतील गं बटणं?"

"पुष्कळ."

"हं." त्यांनी मिशी कुरवाळली. "सुविचार बंद. बातमी तेवढी ठेवू. आणि ज्याला नको असेल त्यानं सांगावं, असं खाली लिही."

संध्याकाळी सहापर्यंत यादी झाली. सहाशे अकरापैकी तीनशे शहाण्णव जिवंत पत्ते, त्यात सत्तेचाळीस नवे कोरे. मी यादीवाल्यांना अर्ज लिहायला बसले. कारण काय, दुरुस्ती काय केली, लिहा, असं म्हटलं होतं. तनुजा म्हणाली, काहीतरी तांत्रिक लिहा, भारी दिसेल. पण मला तसलं येत नव्हतं आणि खोटं लिहायचा कंटाळा होता. मोडक्या इंग्रजीत लिहिलं: आमच्या आखाड्यात मेलेल्या सभासदाचं नाव कधी काढत नाहीत. म्हणून आमचे सेक्रेटरी त्यांना दर आठवड्याला पत्र लिहायचे. ते जाहिराती करत नव्हते. त्यांना ही माणसं आवडत होती. आज आम्ही प्रत्येक घरी फोन केला आणि यादी दुरुस्त केली. एक मेलेला माणूस जिवंत सापडला. कृपया आमचं पत्र जाऊ द्या, आठ मुलींचा प्रश्न आहे.

गुरुवारी सकाळी काही नाही. दुपारी बाराला काही नाही. एक वाजता तनुजानं दोरीवर चढून वर जी बसकण मारली ती खाली येईना. दोनला तात्या मारुतीला नारळ फोडून आले. "मी देवाला लाच दिली," म्हणाले, "तू यंत्राला काहीतरी दे."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. तुमचा पत्ता काढला आहे. सापडलेल्या माणसाला आमचा नमस्कार सांगा.

मी पत्र धाडलं. आठ नावं, आठ नकला. मिनिट गेलं, पाच गेली. परत आलं नाही. तीन वाजून बारा मिनिटांनी जर्मनीहून उत्तर आलं, मिळालं, वाट पाहतो.

"आलं का गं?" वरून तनुजाचा आवाज.

"परत नाही आलं!" मी ओरडले. "पोचलं!"

ती दोरीवरून अशी सुटून खाली आली की तात्यांनी शिवी हासडली. आठ पोरींनी जो कल्ला केला, त्यानं शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून विचारलं, कुणाचं लग्न ठरलं?

माझ्या कामाचे पैसे तात्या देऊ लागले. मी घेतले नाहीत. उपकार म्हणून नव्हे. बुधवारचं माझं बोलणं त्यांनी पैसे देऊन मिटवू नये म्हणून. त्यांना ते कळलं असावं. नोट खिशात ठेवून म्हणाले, "नागपंचमीला ये."

"दुकान आहे."

"बंद ठेव."

नागपंचमी आली. बारा दुरड्यांनी नवी माती आली. दुरड्या बापाच्याच, दोन वर्षं जुन्या, कडा सुटायला लागलेल्या. मी उंबऱ्याच्या बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले, हाताची घडी घालून. आत दीडशे माणसं. तात्यांनी हजेरीपट उघडला.

नावं सुरू झाली. जिवंत एकेकटे 'हजर', मेलेल्यांना सगळ्यांचा एक आवाज. वस्ताद दत्तोबांच्या वेळी पारवे उडाले. मग तात्या म्हणाले, "हणमंत शिवाजी डोके."

"हजर!" सहा वर्षांच्या सवयीनं दीडशे जण ओरडले.

"अरे थांबा!" मागून एक ढेरपोट्या, टकला माणूस हात हलवत पुढे आला. "आलोय ना मी! मला तरी बोलू द्या की!"

हशा पिकला. पाच मिनिटं तात्यांना पुढचं नाव वाचता येईना. हणमंतरावांना तिघांनी उचलून मातीत लोळवलं, नव्या शर्टासकट, तेव्हा कुठे त्यांची हजेरी धरली.

शेवटची नावं पोरींची. तनुजाची 'हजर' शिट्टीसारखी होती. पट संपला. लोक पाय झटकायला लागले.

"थांबा. एक राहिलं," तात्या म्हणाले.

त्यांनी पुढचं पान उलटलं नाही. मागे गेले, बरेच मागे, चाळीस वर्षं मागे असतील. चष्मा पुसला. माझ्याकडे बघितलं नाही.

"धोंडिराम नामदेव बुरूड."

कुणी ओरडलं नाही. हे नाव पटावर कुणी कधी ऐकलं नव्हतं, जिवंत की मेलेला हेच लोकांना कळेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तनुजानं मात्र वळून सरळ माझ्याकडे बघितलं आणि ती थांबली. सात पोरी थांबल्या. तात्या बोट त्या नावावर ठेवून थांबले.

मी भिंत सोडली. उंबऱ्यापाशी आले. पाय मातीत पाहिजेत, हा नियम मला ठाऊक होता.

मी चपला काढल्या.